तांबडा दोरा, हिरवा दोरा

नलू, तुझे दोन डबे अजून फडताळाच्या वरच्या फळीवरच आहेत. एकाच्या कडीला तांबडा दोरा, दुसऱ्याच्या हिरवा. तुझं दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, सतरंज्या धुऊन वाळल्या. सगळं घर आवरलं, त्या डब्यांना मात्र कुणी हात लावला नाही. तुझी विद्या काल स्टुलावर चढून पुसत होती, ती डब्यांच्या आजूबाजूनं फडकं फिरवून खाली उतरली.

उद्या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून महेश येणार आहे. लेबल छापायला टाकायचंय म्हणतो. सतीश सकाळपासून माझ्या आसपास घुटमळतोय. "आई, त्याला काय सांगू?" मी म्हणते, "थांब स्वल्प." त्याला वाटतं मी तुझ्या दुःखानं थांबलेय. दुःख आहेच गं. पण मी थांबलेय ती भीतीनं, आणि घरात हे एकट्या तुला न सांगता कळलं असतं. म्हणून तुलाच लिहितेय. आठवीत शाळा सुटली माझी, पुढचं जे काही वाचलं ते वाण्याच्या पुड्यांचे कागद आणि तू शाळेतून आणायचीस ती विज्ञानाची पुस्तकं. मग बोलते तसंच लिहिणार. तांबडी शाई घेऊन तू काही आता येणार नाहीस.

तेल आपल्या सासूबाईंचं. लक्की सोप्पूचा पाला, पुण्याकडचे लोक ज्याला निर्गुंडी म्हणतात तो, तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवायचा. पाला कुरकुरीत झाला की उतरवायचं आणि फडक्यातून गाळायचं. गल्लीत कुणाचा गुडघा धरला की रिकामी बाटली घेऊन आपल्या दारात. मी कधी विकलं नाही. बाटली भरून द्यायची, गुण आला का म्हणून विचारायचं, आणि "आला हो अक्का" ऐकून दिवसभर खूश राहायचं. एवढंच माझं शास्त्र.

होसकोट्याचा कारखाना बंद पडला, सतीश घरी बसला आणि हे सगळं सुरू झालं. महेश त्याचा दोस्त. पीण्यात त्याचं बाटल्या भरायचं छोटं युनिट, आधी फिनेल भरायचा, आता केसांचं तेल भरतो. एक दिवस लेबलाचा नमुनाच घेऊन आला. माझा फोटो, पदर डोक्यावरून घेतलेला. वर अक्कांचं तेल, खाली कन्नडात एक ओळ. आपल्या भाषेत सांगायचं तर 'गुडघेदुखीवर हमखास गुण'. मी फोटोच बघत बसले. तू चष्मा लावून खालची ओळ वाचलीस.

"हा हमखास कुणी लिहिला?"

"लोक सांगतात ना," मी म्हटलं. "गल्लीत विचार जाऊन."

"कोण सांगतात? जे परत येतात ते. जे आले नाहीत त्यांना कुणी विचारलं?"

"ते बरे झाले म्हणून येत नाहीत."

"आणि जे परत येतात ते?"

"त्यांना बरं वाटतं म्हणून येतात."

"म्हणजे आले तरी तेल चांगलं, नाही आले तरी तेल चांगलं. अक्का, तेल वाईट आहे हे तुला कळावं म्हणून माणसानं करायचं तरी काय?"

महेशसमोर बोललीस. मला फार लागलं. मग आपला अबोला. एका ओट्यावर दोघी, तू भाजी चिरतेस, मी फोडणी देते, आणि कुकरखेरीज कुणाचा आवाज नाही. सतीश मला म्हणाला, "काकीला सगळ्यात शंका." मी त्याला गप्प केलं नाही.

अबोला मोडला तो छत्रात, म्हणजे मंगल कार्यालयात, एका लग्नात. सुंदराबाई दिसल्या, जिना उतरून येत होत्या, ताठ. दोन बाटल्या नेऊन पुन्हा न आलेल्या या बाई. मी तुला कोपरानं ढोसलं, बघ म्हटलं. तू उठलीस, त्यांच्याजवळ जाऊन बसलीस, बोलता बोलता विचारलंस. त्यांनी लुगड्याचा काठ जरासा वर केला आणि दोन्ही गुडघ्यांवरच्या शस्त्रक्रियेच्या उभ्या खुणा दाखवल्या. "तेल छानच होतं हो अक्का," मला म्हणाल्या, "वास काय सुंदर."

ऑटोत तू बाहेर बघत बसलीस. मीच म्हटलं, "बोल की आता."

"मी काही बोलत नाही."

"तेच तर वाईट आहे तुझं."

मग तू हसलीस आणि म्हणालीस, "चल, करून बघू."

नलू, मला वाटलेलं की करून बघायचं म्हणजे दहा जणींना तेल द्यायचं आणि विचारायचं. तू म्हणालीस, बरं वाटलं म्हणजे कशापेक्षा? मी म्हटलं, आधीपेक्षा. तू म्हणालीस, आधी थंडी होती, आता ऊन आलं, गुडघे उन्हानंही सैल होतात. आणि माणूस तुझ्याकडे बाटली घेऊन येतो कधी? दुखणं अगदी डोक्यावर बसतं तेव्हा. डोक्यावर बसलेलं दुखणं तेल लावलं नाही तरी स्वल्प उतरतंच. म्हणून शेजारी दुसरी मंडळी हवीत, त्याच गल्लीतली, त्याच उन्हातली, तसंच चोळणारी. त्यांच्या तेलात फक्त पाला नको. बाकी सगळं सारखं, एकच गोष्ट वेगळी. मग जो फरक पडेल तो त्या एका गोष्टीचा.

हे तू भांडी घासता घासता सांगितलंस आणि मला पटकन कळलं. मी तुला ते कळल्याचं दाखवलं नाही.

पुढची सगळी मजा, आज हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता. पाल्यानं तेल हिरवंगार होतं. साधं तेल पिवळं. कुणीही ओळखेल. तू साध्या तेलात पालक उकळायला लावलास. मी म्हटलं, "गुडघ्याला पालक? लोक शेण घालतील तोंडात." तू म्हणालीस, "पालकानं गुडघे बरे झाले तर पालक विकू." रंग जुळला, वास जुळेना. मग दोन्हींत कापूर घातला, इतका की स्वयंपाकघराचं देऊळ झालं. मी शंका काढली, कापरानंच बरं वाटलं तर? तू थांबलीस, माझ्याकडे बघितलंस. "बरोबर बोललीस. पण कापूर दोन्हीकडे सारखा, तेव्हा त्यानं जे होईल ते दोन्हीकडे होईल." आयुष्यात पहिल्यांदा तू मला शाळेतल्या आवाजात बरोबर म्हणालीस.

मग भजनी मंडळ. शुक्रवारी भजन आटोपल्यावर तू उभी राहिलीस आणि सगळ्यांना उघड सांगितलंस, एका तेलात पाला आहे, एकात नाही, कुणाला कुठलं ते आम्हालाही ठाऊक नसणार, डॉक्टरांच्या गोळ्या कुणी बंद करायच्या नाहीत. यमुनाबाई म्हणाल्या, "बाटली परत द्यायची नाही ना? मग सरी, चालेल." सगळ्या हसल्या आणि तयार झाल्या.

कुणाला कुठलं, यावरून आपलं परत जुंपलं. मला वाटत होतं थकलेल्या बायकांना खरं तेल जावं. तू म्हणालीस, "मग खरं तेल सगळं जास्त दुखणाऱ्यांकडे जाईल आणि साधं धडधाकटांकडे. दोन्हींची तुलना कशी करायची? तुझी दया बाजूला ठेव, चिठ्ठी काढ." तांब्यात चिठ्ठ्या घातल्या. बाटल्या विद्यानं भरल्या, दोरे तिनंच बांधले, तांबडा म्हणजे काय आणि हिरवा म्हणजे काय हे तिनं पोटात ठेवलं. तुलाही माहीत नाही, मलाही नाही. आणि गुण विचारायला मी जायचं नाही असं तू ठरवलंस.

"का? मी काय खोटं सांगेन?"

"तू नाही सांगणार. त्या सांगतील. अक्का, तू विचारतेस तेव्हा उत्तर तुझ्या तोंडावर लिहिलेलं असतं. समोरच्या बाईला तेवढंच वाचायचं असतं."

म्हणून तू गेलीस. तुझे स्वतःचे गुडघे कुरकुरत असताना चामराजपेटेतल्या त्या अरुंद जिन्यांवरून दारोदार. बरं वाटतं का, असं तू विचारतच नव्हतीस. खाली मांडी घालून बसून दाखवा म्हणायचीस, आणि उठताना हात टेकला की नाही तेवढं बघायचीस.

पहिल्या खेपेचं काय झालं ते कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. यमुनाबाईंकडे हिरवी बाटली, त्यांच्या धाकट्या जावेकडे तांबडी. तू गेलीस तर ओट्यावर एक पातेलं. "एका घरात दोन तऱ्हा कशाला म्हणून एकत्र केलं आणि अर्धं अर्धं घेतलं," त्या म्हणाल्या. "दोन्हींचा गुण यावा. तुम्ही दोघी जावा नाही का एकाच चुलीवर करत?" पुढच्या घरी बाटली मुलीच्या सासूला गेलेली. त्याच्या पुढच्या घरी शेजारणीशी बदललेली, तिला हिरवा रंग आवडतो म्हणून. आपल्यातली बाई वाण घरात आलं की वाटल्याशिवाय राहते का? तुझ्या शाळेच्या पुस्तकात हे कुठं लिहिलं असणार.

मला वाटलं तू चिडशील. तू घरी येऊन पायरीवर बसलीस आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलीस. मग डोळे पुसून म्हणालीस, "सगळं फेकायचं. पहिल्यापासून."

मी म्हटलं, "ज्या म्हणतात मिसळलं नाही त्यांचं तरी धरू."

"म्हणतात," तू म्हणालीस. एवढंच.

दुसऱ्या खेपेला एका घरात एकच रंग. कितीही बायका असोत, सगळ्यांना तांबडी नाहीतर सगळ्यांना हिरवी. पातेलं काढलं तरी बिघडत नाही. आणि माझी उत्सुकता तुला ठाऊक, म्हणून ते दोन डबे. तू घरी आलीस की जिला हात न टेकता उठता येऊ लागलं तिचा चिंचोका, जिला फरक नाही तिची कवडी, ज्या दोऱ्याची बाटली त्या दोऱ्याच्या डब्यात. वरून चिकटपट्टी, झाकणाला बारीक चीर. मी पुष्कळदा डबे हलवून बघितले, तूही मला पुष्कळदा बघितलंस. आवाजावरून काही कळत नाही गं.

बाटली तूही घेतली होतीस, तांबडी. चिठ्ठीत तुझंही नाव होतं. "पण मला कोण विचारणार?" म्हणालीस. "विचारणारी मीच. जाऊ दे, माझं शेवटी बघू."

इकडे महेश फोनवर फोन करत होता. सतीशचा धीर सुटत चालला होता. एक दिवस जेवताना तो तुला बोलला, "काकी, तुमच्या चिंचोक्यांनी माझं घर चालणार आहे का?" घास हातात धरून तू त्याच्याकडे बघितलंस. मला वाटलं आता काही तिखट येईल. तू म्हणालीस, "सतीश, पाल्यात काही निघालं तर मी स्वतः बाटल्या घेऊन दारोदार फिरेन. आणि नाही निघालं तर तुझ्या आईचा फोटो त्या ओळीवर लागलेला मला बघवणार नाही." तो उठून गेला. ताट तसंच राहिलं.

त्याच संध्याकाळी आपलं शेवटचं भांडण. सगळी घरं फिरून झाली होती. मी डबे खाली काढले आणि म्हटलं, उघडू. तू डब्यांवर हात ठेवलास.

"आधी सांग, काय करणार."

"कशाचं?"

"फरक निघाला तर काय आणि नाही निघाला तर काय. आधी बोल, मग उघडू."

"उघडल्यावर बघू की."

"उघडल्यावर तू जे निघेल त्यालाच वाट काढशील. थोडा निघाला तर खूप म्हणशील. नाही निघाला तर म्हणशील बायकांनी नीट चोळलं नाही. मीही तेच करीन, अक्का. सगळे तेच करतात. म्हणून आधी."

"माझ्यावर एवढा पण विश्वास नाही तुझा?"

"विश्वासाचं नाही गं हे."

"मग कशाचं?"

छातीवर हात ठेवून खाली बसलीस. मला वाटलं भांडण टाळायला बसलीस. थोड्या वेळानं तुझ्या कपाळावरचा घाम बघितला आणि मग सगळं धावपळीचं झालं, ऑटो, विद्या, दवाखाना.

त्या दिवसांतलं मी फार लिहीत नाही. एक मात्र लिहायलाच हवं. दवाखान्यात पडून पडून तुझे गुडघे आखडले. मी तुझी तांबडी बाटली पिशवीतून नेली होती. नर्सबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. मी तुझे गुडघे चोळत बसले. चाळीसेक वर्षं एका घरात काढली आपण, तुझ्या पायाला मी हात लावल्याचं मला आठवत नाही. तुझी बोटं किती लहान आहेत हे मला तेव्हा दिसलं. मी विचारलं, "बरं वाटतंय का गं?" तू डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट बघितलंस आणि म्हणालीस, "बरं वाटतंय, अक्का." डब्यांचा विषय तू काढला नाहीस. मीही नाही. मला वाटलं घरी आल्यावर भांडू.

आता मी लिहायचं थांबवते. विद्या आली ऑफिसातून. सतीश हॉलमध्ये आहे. नलू, मला वाटतं, आज डबे उघडू.

झालं. दुसऱ्या दिवशी लिहितेय. जसं झालं तसं सांगते, कारण तू असतीस तर वगळलेलं तुला लगेच कळलं असतं.

मी डबे खाली काढले, परातीशेजारी ठेवले, विद्या आणि सतीश दोघांना बसवलं. मी म्हटलं, उघडायच्या आधी मला काही बोलायचंय. फरक दिसला, कुणालाही बघता क्षणी दिसेल असा दिसला, तर महेशनं खुशाल लेबल छापावं. नाही दिसला तर लेबल नाही. बायकांनी नीट चोळलं नाही, ऊन फार होतं, यमुनाबाई खोट्या, यातलं मी काही म्हणणार नाही. तुम्ही दोघं साक्षीला.

सतीश म्हणाला, "आई, एवढं कोर्टासारखं कशाला?"

"तुझ्या काकीला हे उत्तर द्यायचं राहिलं होतं," मी म्हटलं.

विद्यानं तांबड्या डब्याची पट्टी कापली आणि परातीत ओतला. नलू, चिंचोके. चिंचोकेच चिंचोके, मध्ये कुठं कुठं एखादी कवडी. सतीशनं मांडीवर थाप मारली. "झालं की. बघ, आई. काय म्हणत होतो मी?" तो फोन घ्यायला उठलासुद्धा. मला रडू यायला लागलं, सासूबाईंची आठवण झाली. त्या क्षणी तू घरात असतीस तर तुला चिडवलं असतं मी, खरंच सांगते.

विद्या तशीच बसून होती. "दोड्डम्मा," ती मला, तिच्या मोठ्या काकूला, म्हणाली, "दुसरा डबा."

तिनं हिरवा ओतला. परातीच्या दुसऱ्या बाजूला. तेच. तितकेच चिंचोके, तशाच मध्ये कवड्या. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सतीशनं फोन खाली ठेवला. दोन ढीग शेजारी शेजारी, आणि कुठला कुठला हे दोऱ्याशिवाय सांगता येऊ नये.

मग विद्या म्हणाली, "आता सांगू, तांबडा म्हणजे कुठलं?"

आणि मला कळलं की आता ते कळून उपयोग नाही. एवढा काळ ते गुपित तिनं जपलं, मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला, आणि शेवटी ते सांगायची गरजच उरली नाही. तांबडं काय आणि हिरवं काय. बायकांना बरं वाटलं, दोन्हीकडच्या. चोळण्यानं असेल, कापरानं, उन्हानं, कुणीतरी दारात येऊन चौकशी केली म्हणून असेल. पाल्यानं नाही. पहिला डबा एकटाच उघडला असता तर आज छापखान्यात माझा फोटो असता.

सतीश हळूच म्हणाला, "काकीचं राहिलंय. दवाखान्यात म्हणाली होती ना तुला, बरं वाटतंय म्हणून. एक चिंचोका तांबड्यात घाल."

एकानं काही होणार नव्हतं, त्यालाही कळत होतं. तरी तो म्हणाला. त्याला तुला त्या परातीत आणायचं होतं, नलू, तो वाईट नाही. विद्यानं एक चिंचोका बोटांत धरला होता, मी काय म्हणते याची वाट बघत. माझा हात पुढं झाला. मग मी म्हटलं, नको. विचारायला मी गेले होते. तुला माझं तोंड दिसत होतं. तू खरं सांगितलंस की मला सांगितलंस, हे मला कधी कळणार नाही, आणि तुझ्याच नियमानं ते डब्यात जात नाही. विद्यानं चिंचोका परत पिशवीत टाकला. मग ती रडली, तू गेल्यावर पहिल्यांदा मोकळी रडली.

महेश आज सकाळी आला. बिचारा मिठाई घेऊन आला होता. मी त्याला परात दाखवली. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "अम्मा, मग हमखास काढू. 'परंपरेनं चालत आलेलं' लिहू. हे तर खोटं नाही?"

खोटं नाही. इथं मी अडकले. परंपरेनं चालत आलेलंच आहे. सतीश माझ्याकडे बघत होता, त्याच्या डोळ्यांत सगळं होतं, होसकोटं, घरी बसलेले महिने, बायकोसमोर खाली घातलेली मान. उघडायच्या आधी मी फक्त लेबल नाही म्हटलं होतं. कुठलं लेबल हे म्हटलं नव्हतं. तू असतीस तर ती फट आधीच बुजवली असतीस.

मी विचारलं, "वाचणाऱ्याला त्यातून काय कळेल?"

"अम्मा, ते ज्याचं त्यानं समजावं."

"तो हमखासच समजेल."

महेश हसला. "समजू दे ना. आपण कुठं लिहिलं?"

"मग असं लिही," मी म्हटलं. "पाल्याचं आणि बिनपाल्याचं, दोन्हींचा गुण सारखा. दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा."

"असं कुणी लेबल करतं का, अम्मा?"

"मग बेडा," मी म्हटलं. नको.

तो मिठाई ठेवून गेला. सतीश माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढलं तर स्वतःचं ताट घेऊन गच्चीत गेला. मला ती शांतता ओळखीची आहे, कुकरखेरीज कुणाचा आवाज नाही तशी. तेव्हा तिच्या दुसऱ्या बाजूला तू होतीस. अबोला धरला तरी तू ओट्याशी असायचीस, संध्याकाळी कुणीतरी मोडायचं. सतीशचं कसं मोडेल मला माहीत नाही. विद्या म्हणते, साधं चोळायचं तेल म्हणून विकू, कापराचं, गुडघ्याचं नावच घ्यायचं नाही. बघू. त्याला राग उतरल्यावर विचारीन. उतरला तर.

दुपारी यमुनाबाई आल्या, रिकामी बाटली घेऊन. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे अक्का, तरी भर." मी भरली. पण गुण आला का, हे मी आता विचारत नाही. जीभ वळत नाही.

नलू, तू मला चूक ठरवायला निघाली नव्हतीस, हे मला छत्रातून परत येताना ऑटोतच कळायला हवं होतं. तू दाखवलेल्या त्या दोन ढिगांसारखं स्पष्ट मला आयुष्यात कुणी काही दाखवलं नाही. आणि तरीही माझ्या मनात तुझाच आवाज भांडतोय. वीस-बावीस बायका, एक गल्ली, एक उन्हाळा, एवढ्यावरून पाल्याला कायमचं मोडीत काढू नकोस अक्का, म्हणतेस तू. पुन्हा कर. थंडीत कर. दुसऱ्या पेठेतल्या बायका घे.

करीन. तेल उकळायला मी आहे. दोरे विद्या बांधेल. चिंचोके धुऊन वाळत घातलेत. पण मी तर विचारायला जायचं नाही, आणि विद्याला रंग माहीत असतील, म्हणजे तीही नाही. लोकांच्या दारात जाऊन, तोंडावर काही न आणता, खाली बसा, आता उठा म्हणणारं या घरात दुसरं कोण आहे, तेवढं तू सांगून गेली नाहीस.